सहा बाय चोवीस

रविवारी सकाळी निल्या बास्केटबॉलचा २४ नंबरचा पिवळा टी-शर्ट घालून कट्ट्यावर आला आणि तिथंच माशी शिंकली. मंद्यानं त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं, चहाचा कप पायरीवर ठेवला आणि विचारलं, "चोवीस म्हणजे कोबीनं सातव्या मॅचमध्ये मारलेले शॉट ना रे? आत किती गेले त्यातले?"

"सहा," केतकी म्हणाली. तिला विचारलं नव्हतं.

आमचा कट्टा म्हणजे सदाशिव पेठेतल्या एका कायमच्या बंद दुकानाची पायरी. समोर अमृततुल्य, वर गळकं पन्हाळं. पायरीच्या टोकाला पेपर घेऊन बसणारे काका आमच्यातले नाहीत, पण ऐकत सगळं असतात. "कोबी सहाला चोवीस?" त्यांनी चष्म्यावरून विचारलं. "मार्केट यार्डात का?"

लेकर्सचा २४ नंबरवाला बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट, हे नाव मराठी माणसासमोर घेताना ही किंमत मोजावीच लागते.

तर मॅच १७ जून २०१० ची. अमेरिकेतल्या एनबीए लीगची सात मॅचची फायनल, लॉस एंजेलिस लेकर्स विरुद्ध बोस्टन सेल्टिक्स, ३-३ अशी बरोबरीत, आणि ही शेवटची. आपल्याकडे शुक्रवार उजाडला होता. निल्यानं घरी पोट दुखतंय सांगून ती टीव्हीवर बघितली होती. लेकर्स ८३-७९ नी जिंकले. कोबी २४ पैकी ६, लांबून मारायच्या तीन पॉइंटच्या थ्री सहा मारल्या त्यातली एकही नाही, फाउलबद्दल मिळणारे एकेका पॉइंटचे फ्री थ्रो १५ पैकी ११. झाले २३.

"जिंकले ना पण?" निल्या म्हणाला. "आणि फायनलचा सर्वोत्तम खेळाडू कोण ठरला?"

"तो सात मॅचचा हिशेब," मंद्या म्हणाला. "या एका मॅचचं बोल. लेकर्सच्याच गासोलचे १९ पॉइंट, १८ रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटचे पकडलेले चेंडू. त्यांच्याच आर्टेस्टचे २० पॉइंट, ५ स्टील, म्हणजे हिसकावलेले चेंडू, वर मिनिटभर उरलं असताना मारलेली थ्री. कोबीनं काय केलं? विटा फेकल्या."

मंद्या हिंजवडीत एक्सेलवर जगतो, त्यामुळे मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर लगेच बाहेर आला. नुसती शॉटची टक्केवारी बघू नका म्हणे, त्यात फ्री थ्रो आणि थ्री यांचा हिशेब येत नाही. खरी नेमबाजी काढायची तर पॉइंटना भागायचं. कशानं, तर मारलेले शॉट अधिक फ्री थ्रोच्या ०.४४ पट, या सगळ्याच्या दुपटीनं.

"पॉइंट चव्वेचाळीसच का?" काका. (हे मात्र मलाही विचारायचं होतं.)

"दोन फ्री थ्रो मिळून साधारण एक डाव वापरला जातो, म्हणजे खरं तर अर्धा धरायला हवा. पण बास्केट होऊन वर एक मिळतो, टेक्निकल फाउलचा मिळतो, कधी तीन मिळतात. म्हणून अर्ध्याहून थोडं कमी." त्यानं बटणं दाबली. "सदतीस पूर्णांक सहा टक्के. ही सगळी सवलत देऊन! अरे, पन्नासच्या खाली गेलं तरी लोक नाकं मुरडतात."

निल्या गप्प झाला. मला त्याची दया आली असं नाही, पण मंद्या एकाच माणसाची ओळ वाचत होता आणि स्कोअरशीट असं वाचायचं नसतं. मी फोन मागून घेतला आणि खालची, टीमच्या बेरजेची ओळ दाखवली.

लेकर्स ८३ पैकी २७. सेल्टिक्स ७१ पैकी २९. थ्रीमध्ये लेकर्स २० पैकी ४, सेल्टिक्स १६ पैकी ६. फ्री थ्रो सेल्टिक्सचे १७ पैकी १५; लेकर्सनी ३७ मारले, २५ घातले, बारा घालवले. म्हणजे टक्केवारीच्या तिन्ही रकान्यांत सेल्टिक्स पुढे. बास्केट त्यांची जास्त, थ्री त्यांच्या जास्त. नुसत्या शॉटवर ६४ विरुद्ध ५८. आणि मॅच हरले.

"हे कसं काय?" काकांनी पेपरची घडी घातली.

"काका, सरासरी बघू नका. चेंडू किती खेळायला मिळाले ते बघा."

लेकर्सना बारा शॉट जास्त मिळाले, वीस फ्री थ्रो जास्त. शॉट आले कुठून? स्वतःच चुकवलेल्या नेमाचा चेंडू त्यांनी २३ वेळा परत मिळवला, सेल्टिक्सनी ८ वेळा. सेल्टिक्सचा धिप्पाड पर्किन्स सहाव्या मॅचमध्ये गुडघा धरून बाहेर गेला होता, तो या मॅचला नव्हताच. ती जागा रिकामी पडली आणि गासोल तिथं संसार थाटून बसला. माझं तर म्हणणं आहे की टक्केवारीचा रकाना नवख्या माणसापासून झाकून ठेवावा. तो खोटं बोलत नाही, पण अर्धंच बोलतो.

"पंधरा रिबाउंड कोबीचेही आहेत," केतकी म्हणाली. "गार्ड, म्हणजे रिंगपासून लांब खेळणारा, असून पंधरा. ते वाचलंच नाही कोणी." केतकी कॉलेजकडून खेळायची, आता संध्याकाळी पोरांना शिकवते. तिनं रस्त्यातच उभं राहून दाखवलं. मला पाठीमागं उभं केलं, माझ्याकडे पाठ करून कंबर टेकवली आणि एक हलका धक्का दिला. मी सरळ स्कूटरच्या आरशावर. "याला बॉक्स आउट म्हणतात. आता बघ, कोबीच्या अंगावर दोघं धावून गेले, तर गासोलला असा अडवायला माणूस कुठून आणणार? हा रकाना दाखव मला फोनमध्ये."

तो नव्हता.

"म्हणजे कोबीनं अठरा शॉट चुकवून टीमवर उपकार केले म्हण की!" मंद्या उसळला. "मी पण चुकवतो. बोलवा मला लेकर्समध्ये."

"तू चुकवशील, पण तुझ्या अंगावर दोघं येणार नाहीत. एकही येणार नाही."

निल्याला तेवढ्यात कंठ फुटला. तिसरा क्वार्टर संपला तेव्हा लेकर्स ५३-५७ मागे होते, शेवटचा त्यांनी ३०-२२ नी घेतला, त्यातले दहा कोबीचे. मंद्या म्हणाला, पहिले तीन क्वार्टर नीट मारले असते तर चौथ्यात जीव टांगणीला लागला नसता. हे चूक आहे असं मला म्हणता येईना. चहाची दुसरी फेरी आली, काकांनी सगळ्यांसाठी क्रीमरोल सांगितले, म्हणजे त्यांनाही आता घरी जायचं नव्हतं.

आकड्यांवर एवढा विश्वास ठेवू नका, असं मी म्हणालो ते तेव्हाच. कॉलेजच्या स्पर्धांना मी टेबलावर बसून पेन्सिलनं हिशेब लिहायचो. शॉट आत गेला की नाही यात वाद नसतो. पण रिबाउंड? रिंगखाली चार हात वर जातात, चेंडू कुणाच्या तरी बोटांना लागून उडतो, दुसरा पकडतो. ज्यानं ताबा मिळवला किंवा ठरवून थापटला त्याच्या नावावर लिहायचा. पण ठरवून थापटला की नुसता लागला, हे ठरवायला लिहिणाऱ्याकडे अर्धा सेकंद असतो. तोवर खेळ दुसऱ्या टोकाला. थेट बाहेर गेला तर टीमच्या नावावर, ते सोपं. उरलेल्यात माणूस थोडा आपल्या ओळखीच्या नंबराकडे झुकतोच.

निल्यानं क्रीमरोल खाली ठेवला.

"थांब. आंतरकॉलेजच्या फायनलला टेबलावर तूच होतास ना?"

"होतो."

"माझे अकरा रिबाउंड होते त्या मॅचला."

गेली कित्येक वर्षं हा अकराचा आकडा आम्ही दर पावसाळ्यात ऐकतोय. त्याच्या बायकोला पाठ आहे, मुलीला पाठ आहे. मी चहा संपवला, कप विसळायच्या बादलीत टाकला.

"बोल ना."

"सात नक्की तुझे होते," मी म्हणालो.