माया संपली

निळ्या थ्री-पीस सूटच्या वेस्टकोटाचं वरून चौथं बटण ज्या दिवशी काजाला भेटेना, त्या दिवशी माझ्यात सौंदर्यदृष्टी जन्माला आली. हे आधीच कबूल करतो. पुढे मी रंगसंगती, परंपरा, छटा वगैरे मोठ्या गोष्टी बोलणार आहे, तेव्हा या सगळ्याच्या मुळाशी एक पोट आहे हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवलेलं बरं.

सूट बारा वर्षांपूर्वीचा. गडद निळा, साधा, कुठे रेघ नाही की चौकट नाही. कोट उघडा ठेवला की अंगात येतो. पँट आमच्या शिंपी मास्तरांनी दोनदा सैल करून दिली होती. वेस्टकोटाच्या पाठीवर एक पट्टा आणि बकल असतं, ते दर वर्षी थोडंथोडं सोडत मी टोकाला आणून ठेवलं होतं. भाच्याच्या लग्नाचा स्वागतसमारंभ पंधरा दिवसांवर आला तेव्हा तो वेस्टकोट घेऊन मी पुन्हा मास्तरांसमोर उभा राहिलो. त्यांनी तो उलटा केला, शिवणीत बोट घालून पाहिलं, अस्तर चाचपलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि डॉक्टर ज्या सुरात नातेवाइकांना बाजूला घेतात त्या सुरात म्हणाले, “साहेब, आता माया संपली.”

शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात त्याला माया म्हणतात. हा शब्द पहिल्यांदा ज्याने वापरला असेल त्याला माणसं पुढे सुटतात हे नक्की ठाऊक असणार. पँटीत माया होती, तिने बारा वर्षं निभावलं. वेस्टकोट मुळातच कोरडा निघाला.

“मग याच कापडाचा दुसरा शिवा,” मी म्हणालो.

“हेच कापड? तागा बदलला की छटा बदलते साहेब. आणि तुमचा कोट बारा वर्षं उन्हातान्हात फिरलाय, तो आता त्याच्या स्वतःच्या ताग्यालाही जुळायचा नाही.” मग जरा थांबून, अगदी सहज, “सरळ वेगळ्याच रंगाचा घाला की. लोकांना वाटेल, हौस आहे.”

हौस! हा शब्द मी घरी येईपर्यंत चघळत होतो. पोट सुटलंय म्हणण्यापेक्षा हौस आहे म्हणणं किती सुसंस्कृत. त्या रात्री मी वाचायला बसलो आणि दोन वाजेपर्यंत माझी पूर्ण खात्री पटली की विजोड वेस्टकोट हाच खरा, आणि सूटबरोबर जुळणारा वेस्टकोट हे मागाहून शिरलेलं खूळ आहे.

पुरावे भरपूर होते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या शौकिनांचा शिरोमणी ब्यू ब्रमेल दिवसा निळा कोट आणि त्याच्या आत फिकट पिवळसर वेस्टकोट घालून हिंडायचा. तेव्हा कोट एका कापडाचा, वेस्टकोट दुसऱ्या, खालचं तिसऱ्या, हीच रीत होती. तिन्ही एकाच कापडाचे शिवण्याची चाल रुळली त्या शतकाच्या मध्याच्या आसपास, आणि अशा कपड्यांना तिकडे चक्क ‘डिट्टो’ म्हणत. म्हणजे ज्याला मी आयुष्यभर रुबाब समजत आलो, ती नक्कल होती. मॉर्निंग कोटाबरोबर, म्हणजे दिवसाच्या समारंभात घालायच्या मागे लांब शेपटीच्या कोटाबरोबर, तर अजूनही वेगळ्या रंगाचा वेस्टकोट सर्रास घालतात. पारवा चालतो, फिकट पिवळसर चालतो, आणि त्या माणसाला थांबवून “तुमचा मूळचा कुठे गेला?” असं कुणी विचारत नाही.

त्याच्याही मागे गेलो तर थेट राजा भेटला. 1666 सालच्या सप्टेंबरात निम्मंशिम्मं लंडन आगीत खाक झालं, आणि जेमतेम महिन्याने, 7 ऑक्टोबरला, दुसऱ्या चार्ल्सने दरबारात जाहीर केलं की आपण पोशाखाची एक नवी पद्धत सुरू करणार आणि ती कधीही बदलणार नाही. ही पद्धत म्हणजे ‘वेस्ट’, आपल्या वेस्टकोटाचा पणजोबा. हे आपल्याला माहीत आहे ते सॅम्युएल पीप्स या तेव्हाच्या लंडनमधल्या सरकारी अधिकाऱ्याने दुसऱ्या दिवशी रोजनिशीत टिपून ठेवलं म्हणून. हेतू काय, तर सरदारांना काटकसर शिकवणं. शहराची राख झाली असताना राजाला बंडी सुचावी याचं कुणाला नवल वाटेल. मला नाही वाटलं. माझ्याही घरात छप्पन्न कामं पडली होती. पुढे नोव्हेंबरात पीप्सच्या कानावर आलं की फ्रान्सच्या राजाने इंग्लंडच्या राजाला खिजवायला आपल्या सगळ्या नोकरांना तोच वेस्ट चढवला आहे. हे वाचून मी रात्री एकटाच मोठ्याने हसलो. त्या हसण्याचा हिशेब पुढे व्हायचा होता.

“काटकसर,” बायकोला मी पुढे एकदा सांगितलं, “मूळ हेतू काटकसर होता.”

“हो ना? मग तीन कशाला आणलेत?”

तीन अशासाठी की नियम वाचून कळत नाहीत, अंगावर घालूनच कळतात. पहिला होता निळाच, सूटपेक्षा किंचित उजळ. मला वाटलं, जवळपासचा रंग घेतला की धोका कमी. इथेच घोडं पेंड खातं. विजोड कपड्यात जवळपास या गोष्टीइतका घातक प्रकार नाही. रंग जुळला तर जुळला, नाही तर दहा पावलांवरून कळेल इतका निराळा हवा. मधल्या जागेत उभा राहणारा माणूस फसलेला दिसतो. मुलीने एकदा माझ्याकडे, एकदा खिडकीतल्या उजेडाकडे पाहिलं आणि विचारलं, “बाबा, यातलं कुठलं धुतल्यावर विटलं?”

दुसरा आणला तो सूडाच्या भावनेने, लालबुंद आणि चकचकीत. तो घालून बाहेर आलो तेव्हा बायको काहीच बोलली नाही, फक्त माझ्या बाहीत वाकून पाहिलं. “कबूतर आहे का बघते,” म्हणाली.

तेवढ्यावरून एक गोष्ट मात्र मी शिकलो. सूट साधा आणि गडद असेल तर वेस्टकोट त्याच्याहून फिका आणि शांत शोभतो, आणि त्याला चमक नको, पोत हवा. चौकटीही चालतात. पांढऱ्यासारख्या जमिनीवर बारीक रंगीत चौकटी असतात त्या नक्षीला टॅटरसॉल म्हणतात, आणि ते नाव आलं लंडनच्या टॅटरसॉल या घोडेबाजारावरून. रिचर्ड टॅटरसॉलने तो 1766 साली काढला आणि तिथल्या घोड्यांच्या झुलींवर ही नक्षी असे. मला ती मनापासून आवडली होती. पण झुलीची गोष्ट मी जेवताना घरात बोलून बसलो, आणि नंतर ती नक्षी अंगावर घालायची सोय राहिली नाही.

शेवटी ठरला पारवा. बिनचमकेचा, लोकरी, सहा बटणांचा. शिवायला मास्तरांकडेच टाकला. घालून आरशासमोर उभा राहिलो आणि खरं सांगतो, निळ्यावर तो पारवा असा काही बसला की क्षणभर मलाच वाटलं, हा माणूस हौशी आहे. सहापैकी पाच बटणं लावली, शेवटचं सोडून दिलं. ते सोडायचंच असतं. इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याच्या पोटावर ते बसेना म्हणून त्याने सोडलं आणि भोवतालच्यांनीही निमूट सोडलं, अशी गोष्ट सांगतात. खरीखोटी देव जाणे, पण आख्ख्या पोशाखशास्त्रात मला जवळची वाटलेली हीच एक व्यक्ती.

मग मी हात वर केला. पंखा लावायला.

वेस्टकोटाच्या खाली आणि पँटीच्या वर दोन बोटं पांढरा शर्ट फुगून बाहेर आला. वेस्टकोटाने पँटीची कंबरपट्टी झाकली पाहिजे हा पहिला नियम, आणि जुळत्या वेस्टकोटात ही चूक निळ्यानिळ्यात थोडीफार खपून जाते. पारवा, पांढरा, निळा असे तीन पट्टे एकाखाली एक आले की माणूस कुठल्यातरी देशाचा झेंडा दिसतो. वेस्टकोटाचा यात दोष नव्हता. तो ज्या जमान्याचा, त्या जमान्यात पँटी बेंबीपर्यंत येत. माझी पँट बारा वर्षांपूर्वीच्या फॅशनची, कमरेच्या हाडावर कशीबशी लोंबणारी. वर ओढून पट्टा आवळला, तर बकलाचा उंचवटा वेस्टकोटाखाली असा दिसू लागला की जणू मी काहीतरी चोरून नेतोय.

“पट्टा नाही चालत साहेब,” मास्तर म्हणाले. “गॅलिस लावा.”

गॅलिस, म्हणजे खांद्यावरून पँट धरून ठेवणारे पट्टे, मी शेवटचे लावले होते पाचव्या वर्षी. ते लावून पँट वर घेतली, शर्ट नाहीसा झाला, आणि खाली घोट्यांवरचे मोजे उघडे पडले. पाय झाकावेत तर पोट उघडं, पोट झाकावं तर पाय. अखेर मास्तरांनी पँटीच्या तळाशी दुमडून ठेवलेलं कापड अर्ध्या इंचाने सोडवलं आणि वेस्टकोट खालून दोन बोटं वाढवला. “पँटीत थोडी माया निघाली,” असं ते म्हणाले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

समारंभाला पोचलो. पहिल्या दहा मिनिटांत मेव्हण्याने खांद्यावर हात ठेवून हळूच विचारलं, “घाईत निघालात का?” एका मावशींनी कोट आणि वेस्टकोट आळीपाळीने पाहून “दोन्ही छान आहेत हो” असा निकाल दिला. मी प्रत्येकाला “मुद्दाम आहे” असं सांगत होतो. मुद्दाम केलेली गोष्ट मुद्दाम आहे असं चौथ्यांदा सांगताना आपलाच आवाज खोटा वाटू लागतो. ब्रमेलचं नावही घेऊन पाहिलं, समोरच्याने “ते कुठल्या बाजूचे?” म्हणून वधूपक्षाकडे नजर टाकली.

गर्दी वाढली, उकाडा वाढला. लोकर ती लोकर. तासाभराने मी कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. वेस्टकोटाची पाठ नुसत्या अस्तराची असते, तिला वारा लागला तेव्हा जे सुख झालं ते सांगता येणार नाही. बाह्या दोन घड्या वर घेतल्या आणि भिंतीपाशी जाऊन ताठ उभा राहिलो. ताठ अशासाठी की वाकलं की गॅलिस खांद्याला काचत.

तेवढ्यात एक वयस्कर गृहस्थ आले. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. पारव्यावर त्यांची नजर रेंगाळली, तिथून निळ्या पँटीवर गेली, परत वर आली. त्या संध्याकाळी इतक्या समजुतीने माझ्याकडे कुणीच पाहिलं नव्हतं.

“वा,” ते म्हणाले. “निळ्यावर पारवा. मुद्दाम निवडलेला दिसतोय. शेवटचं बटण उघडं, तेही बरोबर.”

मला भरून आलं.

“हल्ली एवढं बघतं कोण,” असं म्हणत त्यांनी हातातला रिकामा ग्लास माझ्या हातात दिला. “तुमच्यातल्या सगळ्यांनाच हे कपडे आहेत का? कुणी निवडले?”

“मीच,” मी म्हणालो, आणि शेजारच्या बाईंनी पुढे केलेला ग्लासही घेतला.