पुसलेल्या व्रणाच्या प्रयोगातून 'भेदभाव मनातच असतो' हे सिद्ध होत नाही

समाजमाध्यमांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. काही जणांच्या गालावर रंगभूषेने खोटा व्रण काढला, आरशात दाखवला आणि मग तो टिकावा म्हणून मलम लावतोय असं सांगून गुपचूप पुसून टाकला आणि त्यांना एका अनोळखी माणसाशी बोलायला बसवलं. तरीही समोरचा माणूस टक लावून बघत होता, अवघडला होता, असं त्यांनी नंतर सांगितलं. मजकुराचा शेवट ठरलेला: भेदभाव तुमच्या मनात आहे, बळी असल्याची भावना सोडा.

प्रयोग खरा आहे. रॉबर्ट क्लेक आणि अँजेलो स्ट्रेन्टा या मानसशास्त्रज्ञांनी तो १९८० मध्ये प्रसिद्ध केला. त्याला जोडलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही.

'व्रण बघून लोक वेगळं वागत नाहीत, हे सिद्ध झालं.'

समोरच्याने व्रण पाहिलाच नव्हता. जी गोष्ट दिसलीच नाही, तिच्यावर माणूस कसा वागतो हे या प्रयोगातून कळणार कसं? ते तपासायचं तर तोच चेहरा व्रणासह आणि व्रणाविना वेगवेगळ्या लोकांसमोर न्यावा लागतो आणि त्या लोकांचं वागणं मोजावं लागतं.

तसं मोजलंही गेलं आहे. निकोला रम्सी आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये रस्ता ओलांडायला थांबलेले लोक एका व्यक्तीपासून किती अंतरावर उभे राहतात ते पाहिलं. चेहऱ्यावर खूण असताना लोक जास्त लांब उभे राहिले, आणि राहिले तेही बहुधा खूण नसलेल्या बाजूला. खूण इथेही रंगभूषेचीच होती, फक्त पुसलेली नव्हती.

२०१२ मध्ये जुआन मदेरा आणि मिशेल हेबल यांनी नोकरीच्या मुलाखतींचा अभ्यास केला. मुलाखत घेणाऱ्यांची नजर कुठे जाते हे यंत्राने टिपलं. चेहऱ्यावर खूण असली की नजर तिच्याकडे वारंवार जायची. जितकी नजर तिकडे, तितकं उमेदवाराचं बोलणं कमी लक्षात राहायचं, आणि गुणही कमी पडायचे. यात कुणाच्या मनात द्वेष असण्याचीही गरज नाही, लक्ष फाटलं तरी नुकसान होतंच. म्हणून मुलाखत घेणाऱ्याने प्रत्येक उत्तर तिथल्या तिथे लिहून घ्यावं आणि प्रश्नागणिक गुण द्यावेत. शेवटी 'एकंदर छाप' आठवून गुण दिले, तर जे ऐकलंच नाही त्याची शिक्षा उमेदवाराला होते.

'माणसं उगाच सगळं अंगाला लावून घेतात.'

मूळ प्रयोगातला एक भाग या मजकुरात कधीच नसतो. काही सहभागींना व्रण काढलाच नव्हता. समोरच्याला आपल्याला ॲलर्जी असल्याचं सांगितलं आहे असं त्यातल्या काहींना वाटत होतं, तर काहींना अपस्मार (फिट येण्याचा आजार) असल्याचं सांगितलं आहे असं. ॲलर्जीवाल्यांना समोरच्याच्या वागण्यात तसं काही जाणवलं नाही. जाणवलं ते व्रण किंवा अपस्माराची गोष्ट समोरच्याला ठाऊक आहे असं समजणाऱ्यांना. म्हणजे समाज ज्याकडे वाकड्या नजरेने बघतो हे आधीच माहीत आहे, तिथेच संशय आला.

आणि व्रण ज्यांच्या गालावर काढला ती माणसं कोण होती? तो व्रण त्यांच्यासाठी काही मिनिटांचा पाहुणा होता. तो असला की लोक कसे वागतील, याची त्यांची अपेक्षा इतकी वाईट होती. व्रण नसलेली माणसं व्रणाबद्दल मनात काय बाळगून असतात, याचाच हा पुरावा आहे. वर्षानुवर्षे व्रणासह जगणाऱ्यांच्या अनुभवावर तो लादणं सरळसरळ अन्याय आहे.

'आत्मविश्वास ठेवा, प्रश्न संपतो.'

यात तथ्याचा अंश आहे, आणि तो नाकारायचं कारण नाही. रम्सी यांच्याच १९८६ च्या अभ्यासात खूण असलेली व्यक्ती नजरेला नजर देऊन, स्वतःहून बोलती झाली, तेव्हा लोकांचा प्रतिसाद सुधारला. भाजलेल्यांना, चेहऱ्याला इजा झालेल्यांना याचं प्रशिक्षणही दिलं जातं: एका वाक्यात कारण सांगा, समोरच्याला निर्धास्त करा, विषय बदला. उदाहरणार्थ, 'लहानपणी भाजलं होतं, आता काही त्रास नाही. तुम्ही कुठून आलात?'

पण हे कौशल्य उपयोगी पडतं, कारण समोरच्याची प्रतिक्रिया खरी असते आणि ती सावरावी लागते. ते दमवणारं काम आहे, दर नव्या ओळखीला नव्याने करायचं. हा सगळा भार व्रण असलेल्यावरच का?

बघणाऱ्याला करण्यासारखं फार अवघड नाही. पहिली नजर व्रणाकडे जाणारच, ती गेली म्हणून दचकून मान फिरवू नका. डोळ्यांकडे बघा आणि जे बोलायला आला होतात ते बोला. पहिल्याच भेटीत 'कसं झालं?' विचारू नका, आणि उपायही सुचवू नका. सोबतच्या मुलाने मोठ्याने विचारलंच, तर त्याला ओढून दूर नेऊ नका, कारण त्यातून मुलाला भीतीच शिकायला मिळते. 'काहींच्या चेहऱ्यावर अशी खूण असते' एवढं शांतपणे सांगा आणि त्या व्यक्तीला नेहमीसारखा नमस्कार करा.