सुंता आणि खतना: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया कडक आहे आणि तिच्यात दम आहे, म्हणून दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटलं नाही. तुमचं म्हणणं असं: माझ्या लेखात मुलींच्या खतन्याविषयी (जननेंद्रियाचा भाग कापण्याच्या प्रथेविषयी) लिहिताना ‘दोन्ही एकच’ म्हणत मुलांची सुंता (लिंगाच्या टोकाची त्वचा कापणं) त्याच पंक्तीत बसवून मी मुलींच्या यातना हलक्या केल्या, आणि सुंतेमुळे एचआयव्हीचा धोका कमी होतो हे सोयीस्करपणे गाळलं.

एचआयव्हीचं आधी. ते गाळायला नको होतं. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडातल्या चाचण्यांत सुंता झालेल्या पुरुषांना स्त्रियांकडून होणाऱ्या संसर्गाचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी घटला. त्यावरूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये, साथ जोरात असलेल्या प्रदेशांसाठी, सुंतेची शिफारस केली. पण त्या चाचण्यांत आपल्या पायांनी चालत आलेले, होकार दिलेले तरुण आणि प्रौढ पुरुष होते. आठ दिवसांच्या बाळाला हा धोका नसतो. तो येईल त्या वयात मुलगा स्वतः विचार करू शकतो, स्वतः ठरवू शकतो.

आता मुलींचं. क्लिटोरिस छाटणं, योनीचं तोंड शिवून अरुंद करणं, मग लघवी, पाळी, संभोग, बाळंतपण या प्रत्येक वेळी तेच दुखणं. युनिसेफच्या २०२४ च्या अंदाजानुसार २३ कोटींहून जास्त मुली आणि स्त्रिया खतन्याच्या कुठल्या ना कुठल्या प्रकारातून गेल्या आहेत. आरोग्याला फायदा शून्य. सुंतेची इजा या इजेच्या जवळपासही जात नाही, आणि माझ्या लेखातलं ‘दोन्ही एकच’ हे वाक्य चुकीचंच होतं.

तरीही एक गोष्ट मला सोडत नाही. मुलींच्या बाबतीत आपण इजा किती मोठी हे मोजत बसत नाही. नुसती सुई टोचणंही जागतिक आरोग्य संघटना खतन्यातच धरते. २०१० मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने सुचवून पाहिलं होतं की, मोठी छाटणी टळावी म्हणून डॉक्टरांनी मुलीला प्रतीकापुरती टोचणी करायला कायद्याने वाव असावा. इतका गदारोळ झाला की ते धोरण लगेच मागे घ्यावं लागलं. योग्यच झालं. पण मग मुलाची निरोगी त्वचा कापताना तोच नियम कुठे जातो? इंग्लंडचे न्यायाधीश सर जेम्स मन्बी यांनी २०१५ च्या एका निकालात हे स्पष्ट लिहिलं की, मुलींच्या खतन्याचे काही प्रकार सुंतेपेक्षा शरीरात कमी ढवळाढवळ करतात. तरी सुंता पालकत्वाच्या वाजवी मर्यादेत बसते, असंही त्यांनी म्हटलं. त्यांचं पहिलं वाक्य मला पटतं. दुसरं, कितीही वेळा वाचलं तरी, पटत नाही.

‘मग आईबापांना तुरुंगात टाकायचं का?’ असं तुम्ही विचारलंत. नाही. मे २०१२ मध्ये कोलोनच्या न्यायालयाने चार वर्षांच्या मुलाची धार्मिक सुंता ही शारीरिक इजा ठरवली (डॉक्टर निर्दोष सुटला, कारण तेव्हा कायदाच अस्पष्ट होता). ज्यू आणि मुस्लिम कुटुंबं हादरली. ज्या देशात ज्यूंचा संहार झाला, तिथे ज्यू विधी गुन्हा ठरणं म्हणजे काय, हे मलाही कळतं. डिसेंबरमध्ये जर्मन संसदेने पालकांना परवानगी देणारा कायदा केला. त्यात पहिल्या सहा महिन्यांत डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षित धार्मिक व्यक्तीलाही सुंता करता येते. ही सूट मला खुपते. स्वीडनने २००१ मध्येच वेदनाशमन सक्तीचं केलं होतं. निदान तेवढं तरी सगळीकडे हवं, आणि त्यासाठी कुणाचा धर्म आड येऊ नये.

बंदी आली की विधी थांबत नाही, लपतो. म्हणून मी घराघरांतून विचारणा व्हावी याच्या बाजूने आहे: थोडं थांबता येईल का, मुलाला विचारता येईल का. अनेक मुस्लिम कुटुंबांत सुंता काही वर्षांनी होते, म्हणजे थांबणं तिथे परकं नाही. ज्यू परंपरेत आठवा दिवस ठरलेला आहे. तिथे हा प्रश्न फार अवघड आहे, आणि त्याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही.

‘दोन्ही एकच’ हे वाक्य आज लेखातून काढतो आहे आणि एचआयव्हीच्या चाचण्यांचा परिच्छेद जोडतो आहे. सुंतेवरचा भाग मात्र तिथेच राहील.