लीगलला सगळ्यात शेवटी विचारा

बँक चालवताय, किंवा लोन वाटणारी, विमा विकणारी, लोकांचे पैसे इकडून तिकडे फिरवणारी कुठलीही कंपनी चालवताय, तर तुमच्याकडे लीगल डिपार्टमेंट असणारच. पण ते वापरायचं कसं हे कोणी शिकवत नाही म्हणून हा उपद्व्याप. मुख्य नियम एकच, त्यांना सगळ्यात शेवटी कळवायचं. प्रॉडक्ट ठरलं, जाहिरात तयार झाली, सेल्सवाल्यांना टार्गेट वाटून झाली, सोमवारी लाँच आहे, मग शुक्रवारी ऑफिस सुटता सुटता लीगलला दोनशे पानांचं अ‍ॅग्रीमेंट पाठवायचं आणि वर लिहायचं, "फक्त एक नजर टाका, अर्जंट". लवकर पाठवलंत तर ते वाचतात हो. आणि वाचलं की प्रश्न विचारतात, आणि मग मीटिंगमध्ये तुम्हाला "लीगलला बिझनेस कळत नाही" हे वाक्य टाकावं लागतं, जे तसंही टाकायचंच आहे पण उगाच आधी कशाला.

दुसरं म्हणजे प्रत्येक मेलमध्ये वकिलाला सीसीत ठेवा आणि सब्जेक्टमध्ये "गोपनीय, वकिलाचा सल्ला" असं ठोकून द्या, मग मेल मीटिंगची रूम बदलल्याचा का असेना. याला कायद्याचा आधार आहे बरं का. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८१ मध्ये अपजॉन कंपनीच्या केसमध्ये मान्य केलं की कंपनीला कायद्याचा सल्ला मिळावा म्हणून कर्मचारी कंपनीच्या वकिलाशी जे बोलतात ते गोपनीय राहू शकतं. आता त्यात "सल्ला मिळावा म्हणून" असं आहे, "सीसीत नाव आहे म्हणून" असं नाही, पण इतक्या खोलात कोण जातं. तसंच ते गुपित कंपनीचं असतं, तुमचं नाही, उद्या कंपनीला सोयीचं वाटलं तर ती तुमचं बोलणं सरकारच्या हातात देऊ शकते. वकील चौकशीला बसायच्या आधी हे तुम्हाला सांगतोसुद्धा, तेव्हा मान डोलवायची आणि मनात म्हणायचं, आपलाच माणूस आहे. युरोपात तर अजून मजा. तिथल्या सर्वोच्च कोर्टाने २०१० मध्ये अक्झो नोबेलच्या केसमध्ये सांगून टाकलं की युरोपियन कमिशनच्या कार्टेल चौकशीत (कार्टेल म्हणजे कंपन्यांनी आपसात संगनमताने भाव ठरवणं) पगारी वकिलाशी झालेल्या पत्रव्यवहाराला हे संरक्षण नाही, कारण जो तुमचा पगार घेतो तो बाहेरच्या वकिलाइतका स्वतंत्र नाही. म्हणजे तो "गोपनीय" लिहिलेला अख्खा फोल्डर कमिशनवाल्यांना आयता सापडतो, आणि शोधायलाही सोपा, नाव तुम्हीच दिलेलं.

मेल नको वाटत असेल तर व्हॉट्सअ‍ॅप आहेच. जेपी मॉर्गनच्या ब्रोकरेज कंपनीला आणि तिच्या भावंडांना डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकी नियामकांनी २० कोटी डॉलर भरायला लावले ते मेसेजमध्ये काय लिहिलं होतं यासाठी नाही, खासगी फोनवरचे धंद्याचे मेसेज जपून ठेवले नाहीत यासाठी. तेव्हा तुमच्या कंप्लायन्सवाल्याने, म्हणजे नियम पाळले जातायत का बघणाऱ्याने, खासगी फोनवर धंद्याचं बोलू नका ही पॉलिसी सांगितली की ती ग्रुपवर फॉरवर्ड करा, खाली अंगठा द्या.

आता महत्त्वाचं, लीगल ओपिनियन. ओपिनियन म्हणजे सल्ला असा एक गैरसमज आहे. ओपिनियन म्हणजे कागद, आणि तो पाहिजे तसा मिळेपर्यंत शोधायचा असतो. यात लेहमन ब्रदर्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेचा हात कोणी धरणार नाही. त्यांचं ते रेपो १०५ काय होतं, तर तिमाही संपायच्या तोंडावर १०५ डॉलरचे रोखे द्यायचे, १०० डॉलर रोख घ्यायचे, थोड्याच दिवसात व्याजासकट परत करून रोखे परत घ्यायचे, आणि हिशोबात मात्र याला उधारी न म्हणता विक्री म्हणायचं. त्या पैशात बाकी देणी भागवली की तिमाहीच्या शेवटी कर्ज कमी दिसतं. विक्री म्हणायला वकिलाचा कागद लागतो की हो बाबा ही खरीच विक्री आहे. अमेरिकेत तसा कागद द्यायला एकही लॉ फर्म मिळाली नाही. साधा माणूस इथे थांबला असता. लेहमनने लंडनमधल्या फर्मकडून इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे ओपिनियन घेतलं आणि व्यवहार आपल्याच लंडनच्या कंपनीतून फिरवले. २००८ च्या दुसऱ्या तिमाहीअखेर जवळपास ५० अब्ज डॉलर असे ताळेबंदातून गायब होते, १५ सप्टेंबर २००८ ला बँक दिवाळखोरीत गेली आणि हे सगळं कोर्टाने नेमलेले परीक्षक अँटन वालुकस यांच्या २०१० च्या रिपोर्टमध्ये निवांत वाचायला मिळतं. लंडनच्या फर्मने काही चूक केली असंही नाही म्हणे, इंग्लिश कायद्यात ते बसत होतं. प्रश्न जसा विचाराल तसं उत्तर मिळतं, म्हणून प्रश्न नीट निवडायचा. एका देशात नाही म्हणाले तर दुसरा देश असतो.

कॉन्ट्रॅक्ट ड्राफ्ट करायचं म्हणजे मागच्या डीलची फाइल उघडायची आणि नावं बदलायची. एखादं कलम कशासाठी आहे कळत नसेल तर ते हमखास ठेवायचं, कारण कोणीतरी विचार करूनच घातलं असणार, आणि त्या कोणीतरीलाही असंच वाटलेलं असतं. अर्जेंटिनाच्या बाँडमध्ये असंच एक कलम होतं पारी पासू नावाचं, की या कर्जाचा दर्जा इतर कर्जाच्या बरोबरीचा राहील. सरकारी कर्जाच्या कागदात हे वर्षानुवर्षं कॉपी होत आलेलं आणि त्याचा नेमका अर्थ काय यावर तज्ज्ञांमध्येही वाद. २००१ मध्ये अर्जेंटिना बुडालं, पुढे बहुतेक बाँडवाल्यांनी कमी पैशात तडजोड केली, काही फंड अडून बसले, आणि २०१२ मध्ये न्यूयॉर्कचे जज थॉमस ग्रीसा म्हणाले की बरोबरी म्हणजे बरोबरी, तडजोडवाल्यांना हप्ता द्यायचा तर अडून बसलेल्यांनाही त्यांचं पूर्ण द्यायचं. नंतर जून २०१४ मध्ये तडजोडवाल्यांसाठी पाठवलेले ५३.९ कोटी डॉलर बँक ऑफ न्यूयॉर्क मेलनकडे पडून राहिले, पुढे वाटले तर कोर्टाचा अवमान, नाही वाटले तर बाँडवाले बोंबलतात, आणि बँकेचा संबंध काय तर ती फक्त मधली ट्रस्टी. अर्जेंटिना जुलैच्या शेवटी परत डिफॉल्टमध्ये. त्यानंतर लोकांनी ते कलम वाचलं आणि नव्या बाँडमध्ये त्याचा अर्थ स्पष्ट लिहायला घेतला. तुम्ही एवढी घाई करू नका, तुमच्या कागदांत अशी अजून बरीच पडली असतील.

वरातीमागून घोडं हाच या धंद्याचा रिवाज आहे आणि त्यात लाज वाटायचं कारण नाही. ऑगस्ट २०२० मध्ये सिटीबँकेला रेव्हलॉन कंपनीच्या वतीने कर्ज देणाऱ्यांना सुमारे ७८ लाख डॉलर व्याज पाठवायचं होतं, पाठवले जवळपास ९० कोटी, स्वतःच्या खिशातले. तीन जणांनी मंजुरी दिली होती, आणि सॉफ्टवेअरच्या स्क्रीनवर तीन रकान्यांत खूण करायची होती ती एकातच केलेली. काहींनी परत दिले, काही म्हणाले आमचं कर्ज फिटलं, थँक्यू. साधारण ५० कोटींवरून केस झाली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये जज फर्मन यांनी निकाल दिला की ठेवा पैसे. झालं, धडाधड सगळ्या लोन अ‍ॅग्रीमेंटमध्ये चुकून आलेले पैसे परत करावे लागतील असं कलम घुसलं. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये अपील कोर्टाने निकाल फिरवला पण कलम राहिलं, कलम एकदा आत आलं की बाहेर जात नाही. स्क्रीन सुधारण्यापेक्षा कलम लिहिणं केव्हाही स्वस्त.

ग्राहकांचं काय? ग्राहकासाठी लवादाचं कलम, म्हणजे वाद कोर्टात नाही, खासगी पंचापुढे न्यायचा. वेल्स फार्गो या अमेरिकी बँकेच्या लोकांनी टार्गेटच्या नादात ग्राहकांच्या नावाने त्यांना न विचारता लाखो खाती उघडली, सप्टेंबर २०१६ मध्ये १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला. ग्राहक कोर्टात गेले तर बँकेचे वकील काय म्हणाले, तुम्ही तुमचं खरं खातं उघडताना वाद लवादापुढेच नेऊ अशी सही केली आहे, ती या खोट्या खात्यांनाही लागू. ज्याच्यावर सही नाही त्यासाठी ज्याच्यावर सही आहे तो कागद! मला तर हा युक्तिवाद वाचून टोपी काढावीशी वाटली. शेवटी १४.२ कोटींवर तडजोड झाली तो भाग सोडा.

एक छोटी अडचण, वकिलांना आजकाल स्वतःची काळजी वाटायला लागली आहे. याच प्रकरणात बँकेच्या माजी जनरल कौन्सेलला, म्हणजे मुख्य वकिलाला, २०२१ मध्ये नियामकाकडे वैयक्तिक ३५ लाख डॉलर भरावे लागले. तेव्हा तुमचा वकील मेलच्या शेवटी "माझा आक्षेप लेखी नोंदवत आहे" असं लिहायला लागला तर समजून घ्या, त्याला टीम स्पिरिटच्या ट्रेनिंगला पाठवा.

आणि एखाद्या दिवशी तो धावत येऊन म्हणाला की आपले ट्रेडर दुसऱ्या बँकेच्या ट्रेडरबरोबर चॅटवर व्याजदर ठरवतायत, आज दुपारीच नियामकाकडे जाऊन सांगूया, तर अजिबात घाबरू नका. युरोपात कार्टेलची माहिती पहिल्यांदा देणाऱ्याला दंड पूर्ण माफ होतो, येन लायबरच्या (बँका एकमेकींना येनमध्ये कर्ज देतात त्याचा संदर्भ व्याजदर) भानगडीत यूबीएस या स्विस बँकेने तोंड उघडलं म्हणून २०१३ मध्ये तिचे सुमारे २.५ अब्ज युरो वाचले, हे तो सांगेल. त्याला शांतपणे बसवा. आधी एक कमिटी नेमा, कमिटीने बाहेरची फर्म नेमावी, फर्मने प्रेझेंटेशन करावं, ते बोर्डाच्या पुढच्या मीटिंगला ठेवावं. घाई करून काय होणार आहे, समोरच्या बँकेचा वकील तर सकाळीच जाऊन आलाय.