मुलगी बडबडी नाही, गप्पिष्ट आहे

लेकीच्या प्रगतीपुस्तकात टीचरनी लिहिलंय, 'वर्गात फार बडबड करते'. मार्क चांगले आहेत, पण माझं डोकं दोन दिवस त्या एका शब्दावरच अडकलंय.

बघा ना, बोलणाऱ्या माणसासाठी आपल्याकडे किती शब्द, पण बहुतेक सगळे ओरडायलाच. वाचाळ, तोंडाळ, बोलभांड, जिभेला हाड नाही, तोंडाचा पट्टा सुरू. बोलघेवडा तर नुसतं बोलणारा, कामाच्या वेळी गायब, तो शब्द कृपा करून कुठल्याही गप्पा मारणाऱ्याला चिकटवू नका. प्रेमाने म्हणावं असे बोलका आणि गप्पिष्ट, बस्स.

आणि लांबलेल्या बोलण्याला आपण टकळी, चऱ्हाट, गुऱ्हाळ, दळण म्हणतो. टकळी म्हणजे काय, सूत कातायचं साधन. चऱ्हाट म्हणजे जाड दोर, वळत बसायचा. गुऱ्हाळात उसाचा रस आटवायचा, दळण जात्यावरचं. सगळे शब्द कामाचे! हात तासन्तास गुंतलेले आणि तोंड मोकळं, मग माणसं बोलणार नाहीत तर काय करणार, जात्यावर तर बायका ओव्या गायच्या. ज्या कामांवर घरं चालली त्यांचीच नावं घेऊन आपण बोलणाऱ्याला हिणवतो, हे मला अजिबात पटत नाही.

आमच्या गोव्यातल्या पेडण्यात संध्याकाळी सोप्यावर बसून लोक गजाली, म्हणजे गप्पा, करतात. पाऊस, काजू, कुणाचं लग्न ठरलं, कुणाच्या गायीला वासरू झालं, सगळं त्यात येतं. गजाली या शब्दात टोमणा नाही, म्हणून मला तो फार आवडतो. माझ्या सासूबाईंना गावातली अर्धी माणसं त्यांच्या गजालींसाठीच ओळखतात आणि लेक त्यांच्यावरच गेलीय.

तिच्या निबंधातही हेच झालं. आजीच्या तोंडचं वाक्य होतं, 'मी तुला सांगितलं होतं ना', तर लाल पेनाने 'सांगितले' केलं. अहो, 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांतसुद्धा पात्राच्या तोंडी 'केलं', 'सांगितलं' चालतं! आजी घरात 'सांगितले' म्हणते का कधी? बोलल्यासारखं लिहिलं की लगेच ते कच्चं कसं काय ठरतं? पाल्हाळ लावलं असेल तर जरूर खोडा, पण आजीचा आवाज का खोडायचा?

काल प्रगतीपुस्तकावर सही केली. पालकांच्या रकान्यात लिहिलं, 'मुलगी गप्पिष्ट आहे. तास चालू असताना गप्प बसायला सांगितलं आहे, मधल्या सुट्टीत बोलू द्यावं.' 'सांगितलं'वरचा अनुस्वार जरा ठळकच दिलाय.