नेट गेलं तरी टीव्ही चालला पाहिजे

ओपन सोर्सचा, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘फुकट असतं ना ते?’ तिथेच माझं डोकं फिरतं. फुकट म्हणून घ्यायचं असेल तर घेऊच नका. जुना लॅपटॉप, दोन हार्डडिस्क, केबल आणि सुट्टीच्या दिवसाची डोकेफोड, सगळं धरलं तर एखाद्या ओटीटीची वर्गणी स्वस्त पडते. घरचा मीडिया सर्व्हर, म्हणजे साठवलेले व्हिडिओ घरातल्या टीव्हीला पुरवणारं मशीन, मी जेलिफिन या खुल्या सॉफ्टवेअरवर नेला त्याचं कारण वेगळं आहे आणि ते कोकणात राहणाऱ्याला लगेच कळेल.

आमचा गाव देवगड तालुक्यात, खाडीच्या अंगाला. जूनमध्ये वारा सुटला की माडाची झावळ फायबरच्या वायरीवर पडते आणि नेट जातं. कधी संध्याकाळपर्यंत येतं, कधी आठवडाभर येत नाही. मे 2021 च्या तौक्ते वादळात तर लाइटही गेली, टॉवरही गेले, सगळंच गेलं. अशा वेळी घरात साठवलेले पिक्चर, नाटकं, लग्नाचे व्हिडिओ हाच काय तो विरंगुळा. आणि नेमकं तेव्हाच साठवलेलं टीव्हीवर दाखवणाऱ्या आमच्या जुन्या डब्याचं अ‍ॅप म्हणायचं, साइन इन करा. डबा एका कंपनीचा, नाव घेत नाही. डिस्क माजघरातल्या कपाटात, टीव्ही ओटीवर, मध्ये एक भिंत. पण त्या भिंतीपलीकडचं बघायला परवानगी यायची ती कुठल्यातरी परदेशातल्या सर्व्हरवरून. बाबांनी एका वाक्यात निकाल लावला, “आपल्याच घरातलो पिक्चर बघूक नेट कित्याक व्हया?” पुढे त्या कंपनीने जुन्या डब्यांसाठीचं अ‍ॅपच बंद केलं. डबा चालू, डिस्क ठणठणीत, आणि बघायची सोय नाही.

बाबांच्या त्या प्रश्नाला ज्या सॉफ्टवेअरकडे सरळ उत्तर आहे तेच घरात ठेवायचं, एवढी माझी एकच अट. जेलिफिनमध्ये युजर आणि पासवर्ड तुमच्याच मशीनवर तयार होतात. कंपनीचं खातं नाही, कारण कंपनीच नाही. राउटर इन्व्हर्टरवर असला की बाहेरचं नेट असो वा नसो, टीव्ही आणि सर्व्हर एकमेकांशी बोलतात.

याची जन्मकथा मला फार आवडते. एम्बी नावाचा मीडिया सर्व्हर आहे, त्याचं आधीचं नाव मीडिया ब्राउझर. त्याच्या सर्व्हरचा कोड जीपीएल या, कोणालाही कोड वापरू-बदलू देणाऱ्या परवान्याखाली खुला होता. 2018 च्या शेवटी एम्बीवाल्यांनी पुढचा कोड बंद करायचं ठरवलं. तेव्हा काही जणांनी 3.5.2 ही आवृत्ती, म्हणजे खुला राहिलेला कोड, उचलला आणि डिसेंबर 2018 मध्ये जेलिफिन म्हणून वेगळी चूल मांडली. कोणाची परवानगी लागली नाही, कोर्टकचेरी नाही. आमच्याकडच्या सामाईक विहिरीचं असतं तसंच हे. एका भावाने स्वतःची बोअर मारली म्हणून जुन्या विहिरीवरचा बाकीच्यांचा पोहरा कोणी काढू शकत नाही. उद्या जेलिफिनवाल्यांनाही कोड बंद करायची बुद्धी झाली, तरी आजवरचा कोड लोकांकडे राहणारच. एवढी हमी मला कुठल्याही आजीवन वर्गणीपेक्षा जास्त वाटते.

वर्गणीवरून आठवलं. या क्षेत्रातलं मोठं नाव प्लेक्स. चांगलं आहे, देखणं आहे, वापरणारे खूश असतात, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण एप्रिल 2025 मध्ये त्यांनी आजीवन पासची किंमत सुमारे 120 डॉलरवरून 250 डॉलरवर नेली, आणि घराबाहेरून स्वतःचाच संग्रह बघण्यासाठीही पास लागू केला. धंदा आहे, त्यांनी काय करावं हा त्यांचा प्रश्न. माझा संग्रह त्यांच्या धंद्याच्या गणितात यावा का, एवढा प्रश्न माझा.

आता यंत्राचं. नवीन काही घेऊ नका. स्क्रीनचा एक कोपरा गेलेला किंवा कीबोर्ड मेलेला जुना लॅपटॉप उत्तम. कारण सोपं, त्याच्यात बॅटरी आहे. आमच्याकडे लाइट दिवसातून कितीदा डोळे मिचकावते ते विचारू नका. डेस्कटॉप दर वेळी धाडकन बंद पडणार आणि कधीतरी डिस्कवरचा हिशेब बिघडणार. लॅपटॉपला पत्ताही लागत नाही. फक्त बॅटरी चोवीस तास शंभर टक्के भरलेली ठेवू नका, फुगते. डेबियन हे लिनक्स टाकलं की टीएलपी म्हणून एक छोटं साधन मिळतं, बऱ्याच लॅपटॉपवर त्याने चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवता येतं. विजेचं म्हणाल तर लॅपटॉपचे सरासरी 15 वॅट धरा, महिन्याला साधारण 11 युनिट. जुन्या डेस्कटॉपचे 60 वॅट धरले तर 43. हा फरक बिलात दिसतो, आणि घरात बिल बघणारी व्यक्ती मी नव्हे, आई आहे.

वायफायवर विसंबू नका, हे जांभ्याच्या घरात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. दीड फुटी चिऱ्याची भिंत सिग्नल पिऊन टाकते. मी माळ्यावरून, कौलांच्या खालून लॅनची केबल नेली. तीसुद्धा पाइपातून, नाहीतर उंदीर ठेवत नाहीत. खाऱ्या हवेने यूएसबीच्या तोंडाला हिरवट थर चढतो, मग डिस्क मध्येच गायब होते आणि माणूस उगाच सॉफ्टवेअरला शिव्या घालतो. आधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बघा. आणि विजा कडाडायला लागल्या की, मेमध्ये असो वा ऑक्टोबरमध्ये, राउटरचा अ‍ॅडॉप्टर आणि लॅनची तांब्याची केबल दोन्ही काढून ठेवा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, ती येते अ‍ॅडॉप्टरमधून.

सॉफ्टवेअर टाकणं हा तासाभराचा खेळ आहे, त्यावर लिहीत नाही. अडतं ते एकाच ठिकाणी, ट्रान्सकोडिंगला. हल्लीचे बरेच फोन व्हिडिओ एच.265 मध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायच्या नव्या पद्धतीत घेतात. काकीचा जुना टीव्ही फक्त जुनं एच.264 ओळखतो. मग सर्व्हरला तो व्हिडिओ बघता बघता बदलून द्यावा लागतो. प्रोसेसरवर हे काम टाकलं तर पंखा भातगिरणीला मागे टाकतो आणि चित्र अडखळतं. इंटेलच्या चिपमध्ये यासाठी वेगळा भाग असतो, क्विक सिंक. 2015 च्या सहाव्या पिढीपासून तो 8-बिट एच.265 हाताळतो आणि सातव्यापासून रंगांच्या जास्त छटांचं 10-बिटही. म्हणून जुना लॅपटॉप घेताना रॅम किती हे नंतर विचारा, आधी पिढी विचारा. प्लेक्स आणि एम्बीत ही सोय पैसे भरल्यावर उघडते, जेलिफिनमध्ये सगळ्यांना उघडी आहे. फक्त जेलिफिनला लिनक्सच्या ‘रेंडर’ ग्रुपमध्ये, म्हणजे हा भाग वापरायची परवानगी असलेल्यांत, घालायला विसरू नका.

सर्व्हरवर आहे काय, असं विचारणाऱ्यांना वाटतं की चोरीचे पिक्चर असणार. असतील कोणाकडे. आमच्याकडे बाबांनी जमवलेल्या मराठी पिक्चरांच्या आणि नाटकांच्या व्हीसीडी होत्या, एका नाटकाच्या दोन-तीन सीडी. व्हीसीडीला कुलूप नसतं, चित्र 352 बाय 288 एवढंच, मोठ्या टीव्हीवर पुसट दिसतं, पण आवाज शाबूत असतो आणि नाटकाला आवाजच लागतो. बुरशीने काही सीडी गेल्याच होत्या, उरलेल्या डिस्कवर उतरवल्या.

खरा ऐवज पुढे आहे. गावच्या जत्रेतले दशावतार. सुरुवातीच्या आड दशावतारातल्या संकासुरापासून पहाटेच्या युद्धापर्यंत, जसे मिळाले तसे, कोणी हँडीकॅमवर घेतलेले, कोणी फोनवर. कोंबडा आरवलेला आहे, मध्ये कोणाचं तरी पोर रडतंय. शिमग्यातली रोंबाटं, म्हणजे नाचत-गात निघणाऱ्या मिरवणुका आहेत. गणपतीतल्या डबलबाऱ्या, म्हणजे भजनांचे सामने आहेत, त्यात आता हयात नसलेले दोन बुवा एकमेकांना असे काही चिमटे काढतात की आई अजून पदर तोंडाला लावून हसते. हे कुठल्याच ओटीटीवर नाही आणि येणारही नाही. इंटरनेटवर एका मोठ्या व्हिडिओ साइटवर मी त्यातली एक बारी चढवली होती. गजर होता जुन्या सिनेमाच्या चालीवर, डबलबारीत असतोच. त्यांच्या यंत्राने ती चाल ओळखली आणि आवाज बंद करून टाकला. बुवा हातवारे करतायत, पखवाज हलतोय, आवाज नाही. ते मुकं भजन बघितल्यावर माझा निर्णय पक्का झाला.

जेलिफिनमध्ये यासाठी ‘होम व्हिडिओ’ प्रकारचं कपाट करायचं. पिक्चरांची माहिती आणि पोस्टर तो इंटरनेटवरून स्वतः ओढून आणतो. पण दशावताराला पिक्चरांच्या कपाटात ठेवलंत तर भलत्याच परदेशी सिनेमाचं पोस्टर चिकटवतो. ‘द्रौपदी वस्त्रहरण’च्या डोक्यावर त्याने काय लावलं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. फाइलला नाव देताना वर्ष, जत्रा आणि आख्यान एवढं लिहिलं तरी पुरतं. हे काम बाबा करतात. कोण कुठल्या वर्षी संकासुर झाला होता यावरून शेजारच्या काकांशी वाद घालत करतात, त्यामुळे पुढे फारसं सरकत नाही.

चाकरमान्यांना मात्र डोंबिवलीत बसून बघायचं असतं. इथे अडचण येते. बऱ्याच ब्रॉडबँडवाल्यांकडे एकच सार्वजनिक आयपी पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला असतो, त्याला सीजीनॅट म्हणतात. मग बाहेरून घरात शिरायला वाटच उरत नाही. दूरदूरची मशीन एकमेकांना जोडणारं टेलस्केल टाकलं की काम होतं. ते वायरगार्ड या सुरक्षित जोडणीच्या खुल्या तंत्रावर उभं आहे आणि वायरगार्ड 2020 पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. पण टेलस्केलचा जोडण्या जुळवणारा मधला सर्व्हर कंपनीचा आहे आणि त्याचा कोड खुला नाही. हेडस्केल नावाचा खुला पर्याय आहे, तो चालवायला बाहेर एक भाड्याचा सर्व्हर लागतो. मी सध्या टेलस्केलवरच आहे. त्यांनी उद्या दार लावलं तर डोंबिवलीचा दादा बंद पडेल, बाबांचा टीव्ही नाही. एवढी तडजोड मला चालते. जेलिफिन सरळ उघड्या इंटरनेटवर मात्र ठेवू नका, कोणी कितीही सोपं करून सांगितलं तरी.

कोणी करू नये तेही सांगतो. घरात हे बघणारा एकही माणूस नसेल तर नको. काही बिघडलं तर फोन करायला कस्टमर केअर नाही, मंचावर इंग्रजीत प्रश्न टाकायचा आणि कोणी भला माणूस उत्तर देईल याची वाट बघायची. अपडेटच्या आधी बॅकअप घ्यायची शिस्त नसेल तर नको. मी घरी नसताना कोणी काय करायचं ते मराठीत कागदावर लिहून कपाटाला आतून चिकटवलंय. आईला त्यातलं फक्त ‘बटण दाबून दहा मिनिटं थांबणे’ पटतं आणि बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

आणि बॅकअप म्हणजे त्याच कपाटातली दुसरी डिस्क नव्हे. 22 जुलै 2021 च्या महापुरात चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी कुठवर चढलं होतं ते आठवा. आमची दुसरी डिस्क दादाकडे डोंबिवलीला असते, गणपतीला येताना तो घेऊन येतो, नवीन भर घालून परत नेतो. ती तिसऱ्या मजल्यावर आहे हे मी विचारून घेतलंय.

आता एक काम. बाबांकडे व्हीएचएसच्या काही कॅसेट उरल्या आहेत, नव्वदच्या दशकातल्या, त्यात आमच्या जत्रेचे दोन दशावतार आहेत. आमच्या प्लेअरचे रबरी पट्टे विरघळून चिकट झालेत, नवे मिळत नाहीत. देवगड, कणकवली, मालवण, कुठेही कोणाकडे चालू प्लेअर असेल तर कमेंटमध्ये कळवा. मी स्वतः येऊन तुमच्याच घरी बसून कॅसेट उतरवीन, प्लेअर नेणार नाही. आणि तुमच्याकडेही अशा कॅसेट असतील तर त्याही त्याच बैठकीत उतरवून देईन, पैसे नकोत. कॅसेटला पांढरी बुरशी दिसली तर लावून बघायचा मोह टाळा, प्लेअरचं हेड जाईल.