बाबांचा गिरसप्पा

या पावसाळ्यात कर्नाटकात जोगचा धबधबा बघायला जाऊ, असं जूनच्या पहिल्या आठवड्यात मी जेवताना सहज बोलून गेलो. आमच्या घरात सहज बोललेलं कोणी सहज घेत नाही. रात्री साडेदहाला मेहुण्याने ‘जोग : २ गाड्या, ९ माणसं’ या नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला, मला त्याचा अॅडमिन केला आणि स्वतः ग्रुप म्यूट करून झोपला.

पुण्याहून जोग सहाशे किलोमीटरच्या आसपास. सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, धारवाड, हुबळी, मग हमरस्ता सोडून शिरसी आणि सिद्धापूर. नकाशावर ही रेघ ओढायला दहा सेकंद पुरतात. पण त्या रेघेवर आपली माणसं बसवायला घेतली की तिचा पार लोळागोळा होतो. आईला धारवाडचा पेढा ‘जाताना’ हवा, येताना नको, कारण येताना दमलेलो असतो आणि कोणी थांबत नाही. मुलीला गोव्यावरून जायचं होतं. बायकोने एक्सेलमध्ये एक नवा रकाना घातला, ‘स्वच्छ टॉयलेट’, आणि त्यात कऱ्हाडच्या पुढे सगळीकडे प्रश्नचिन्हं टाकून मला टॅग केलं.

मेहुण्याची गाडी इलेक्ट्रिक आहे. महिन्याभरापूर्वीच घेतलेली, त्यामुळे तिच्याबद्दल चकार शब्द काढायची सोय नाही. “दाजी, टेन्शन घेऊ नका. कोल्हापुरात गाडी चार्जिंगला, आपण मिसळीला!” हे वाक्य त्याने इतक्या वेळा म्हटलं की मिसळ आपण खाणार की गाडी, असा घोळ आईचा अजूनही आहे. हुबळीच्या पुढे काय, असं विचारलं की तो म्हणायचा, “तोपर्यंत होईल काहीतरी.” मी एक्सेलमध्ये तसंच लिहून ठेवलं.

आत्याने वेगळीच बाजू धरली. “धबधबाच ना? मग ठोसेघर काय वाईट आहे? साताऱ्याहून वळलं की आलं. संध्याकाळच्या कुकरला घरी.” याला उत्तर नसतं. मी ‘हो ना’ असा अंगठा टाकला आणि त्याचा अर्थ तिने होकार असा घेतला.

पण खरी फळी बाबांनी उभारली होती. “जोग-बीग काही नको,” ते पेपरातून मान वर न करता म्हणाले. “एवढं सहाशे किलोमीटर जायचंच, तर गिरसप्पा बघू. आमच्या भूगोलात होता. भारतातला सर्वांत उंच धबधबा कोणता? गिरसप्पा. दोन मार्क.”

मी फोनवर गिरसप्पा शोधलं. घाटाखाली, होन्नावरच्या अलीकडे, शरावती नदीकाठी त्या नावाचं एक गाव निघालं. झालं! म्हणजे हे प्रकरण वेगळं. मी बाबांसाठी दुसरी शीट उघडली, त्यात एक दिवस वाढवला, होन्नावरला मुक्काम टाकला. त्या गावाची माहिती वाचताना कळलं की तिथे चेन्नभैरादेवी नावाची राणी होऊन गेली आणि तिच्या मिऱ्यांच्या व्यापारामुळे पोर्तुगीज तिला मिऱ्यांची राणी म्हणत. मोठ्या हौसेने मी हे घरात वाचून दाखवलं. इतिहासाला कोणीच दाद दिली नाही. आई म्हणाली, “मग मिरी चांगली मिळत असणार. अर्धा किलो लिहून ठेव.”

आता तारीख. जोगच्या वर लिंगनमक्की नावाचं मोठं धरण आहे, १९६४ सालचं. शरावतीचं पाणी ते अडवून ठेवतं आणि त्यावर वीज होते. म्हणजे धबधबा केवढा पडायचा हे नुसतं पावसाच्या हातात नाही, धरणाच्याही आहे. उन्हाळ्यात गेलात तर काळा कातळ आणि त्यावर दोन-चार पांढरे दोरे. भर पावसात गेलात तर पाणी धो धो, पण वर असं धुकं की दोन-दोन तास कठड्याला धरून उभं राहायचं आणि नुसता आवाज ऐकून परत यायचं. थोडक्यात, दिसतो तेव्हा नसतो आणि असतो तेव्हा दिसत नाही. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखंच.

खात्री करावी म्हणून मी तिकडच्या एका होमस्टेला फोन लावला. “पानी है क्या अभी?”

“है ना सर. चौबीस घंटा.”

“ज़्यादा है?”

“गरम भी है सर. सोलार.”

मी हताश होऊन खोल्या बुक केल्या.

त्याच रात्री, मेहुण्याच्या चार्जिंगचा हिशोब जुळवता जुळवता, माझी नजर एका ओळीवर अडकली. जोगचा धबधबा, ऊर्फ गिरसप्पाचा धबधबा. गाव खाली, धबधबा वर. नाव तेवढं एकाच गावाचं. तीन आठवडे मी एकाच धबधब्याचे दोन एक्सेल सांभाळत होतो आणि घरात त्यावरून दोन तट पडले होते.

सकाळी चहाच्या वेळी मी ते बाबांना सांगितलं. पेपर खाली आला. चष्मा वर गेला.

“म्हणजे तुम्ही इतके दिवस गिरसप्पालाच जायचं म्हणत होतात?”

“हो.”

“मग तसं बोलायचं की! राजा, राणी, रोअरर, रॉकेट. चार धारा. आठशे तीस फूट.” बाबांना काल भाजी काय होती ते आठवत नाही, पण हे सगळं तोंडपाठ. त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं आणि जरा वेळाने, माझ्याशी नाही असं, म्हणाले, “वर्गात चित्र होतं भिंतीवर. अर्धं फाटलेलं. राणीची धार दिसायचीच नाही.”

आता तो सर्वांत उंच राहिलेला नाही, मेघालयातला नोहकालिकाई ३४० मीटर आहे, हे मी सांगणार होतो. नाही सांगितलं. दोन मार्क जाऊ देत त्यांच्याकडे.

त्या दिवसापासून सूत्रं बाबांकडे गेली. कपाटातून एक जुना रस्त्यांचा नकाशा निघाला, ज्यात कुठल्याच गावाला बायपास नाही. गोवा रद्द झाला. ठोसेघरला ‘बाहेरून नमस्कार’ असा शेरा मिळाला. रोज सकाळी ते मुलीकडून लिंगनमक्कीची पातळी काढून घेत आणि कॅलेंडरवर दूधवाल्याच्या हिशोबाशेजारी लिहीत. धरण १८१९ फुटांना भरतं. “अजून अकरा फूट,” असं ते जिन्यात भेटलेल्या माणसालाही सांगत. तो बिचारा टाकीच्या पाण्याचं समजून घाईघाईने बादल्या भरायला जाई.

निघायची वेळ बाबांनी पहाटे चारची ठरवली. ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले. आमच्याकडे चार म्हणजे साडेसहा, हे प्रत्येकाला ठाऊक असल्यामुळे कोणी वाद घातला नाही. मी पाचचा गजर लावून झोपलो.

सव्वातीनला इंटरकॉम वाजला. खालून वॉचमन बोलत होता.

“साहेब, आजोबा गाडीपाशी उभे आहेत. स्वेटर, माकडटोपी, सगळं घालून. चावी मागतायत.”